एका छपराखालच्या दोन शाळा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी तपासलेला मजकूर)



ज्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची सगळी नोकरी मुलींच्या शाळेत झाली आणि निवृत्तीनंतर मात्र त्या मुलामुलींनी एकत्र शिकावे असे जाहीरपणे सांगत राहिल्या. काहींना ही विसंगती वाटली. मला ती कधी वाटली नाही, आणि का वाटली नाही हे मांडण्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मुले-मुली एकत्र शिकावीत याच मताची मी आहे. पण महाराष्ट्रात आपण अशी शाळा अजून फारशी उभी केलेली नाही. आपण केले ते एवढेच, की एका छपराखाली दोन शाळा भरवल्या, एक मुलांची आणि एक मुलींची, आणि त्यांना एक घंटा दिली. अशा अर्धवट शाळेकडे बोट दाखवून चांगली चाललेली कन्याशाळा बंद करण्याचे ठराव आता गावोगावी येत आहेत. त्यांना माझा विरोध आहे. पट घटतो, शिक्षक जास्त ठरतात, मग दोन शाळांची एक होते. त्या कागदावर ‘सहशिक्षणाचे पुरोगामी पाऊल’ असे लिहिले जाते, पण त्या पावलामागे मुलींचा विचार कुणी केलेला असतो का, हे मला विचारायचे आहे.

थोडे मागे जाऊ या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढे एकत्र की वेगळी असा पर्यायच नव्हता. मुलींची शाळा, नाहीतर काहीच नाही. त्याआधी अमेरिकन मिशनने मुंबईत आणि अहमदनगरला मुलींना शिकवायला घेतले होते. सिंथिया फरार या मिशनरी बाई त्या कामात आयुष्यभर राहिल्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले. मुंबईत एल्फिन्स्टनमधून शिकून निघालेल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या वतीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या, दादाभाई नौरोजी त्यांतले एक. या सगळ्यांनी वेगळ्या शाळा काढल्या त्याचे कारण अगदी व्यवहाराचे होते. मुलांच्या वर्गात मुलगी बसवली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला घरातून सोडलेच नसते.

या वेगळ्या शाळांकडे आज पाहताना एक गोष्ट डोळ्यांआड होते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. शाळकरी वयाच्या मुलीने धर्माला आणि राज्याला असे सरळ प्रश्न विचारावेत, हे त्या काळात दुसऱ्या कुठल्या शाळेत घडले असते? ज्या शाळेत मुलगे नव्हते, तीच त्या काळातली सर्वांत मोकळी शाळा होती. शाळा मोकळी आहे की बंदिस्त, हे वर्गात कोण बसते यावरून कळत नाही, तिथे कुणाला काय विचारता येते यावरून कळते. माझ्या सगळ्या बोलण्याचा आधार हा आहे.

पुढे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू केले. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली ती शाळा हुजूरपागा म्हणून आपल्या ओळखीची आहे. हायस्कूलच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतून लेख वाचून दाखवला, आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची किती बोलणी खावी लागली हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. या शाळेवर टीका झाली, आणि ती ‘केसरी’तून व ‘मराठा’तून सर्वांत तिखट झाली. टीका कशावर होती ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. शाळा फक्त मुलींची आहे, याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती मुलींना मुलांसारखे इंग्रजी आणि मुलांसारखे विषय शिकवण्याला, आणि त्यांना दिवसाचे एवढे तास घरकामापासून दूर ठेवण्याला.

म्हणजे भिंतीची भीती कुणालाच नव्हती. भीती होती ती भिंतीच्या आत काय शिकवले जाईल याची. सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही आपला वाद भिंतीवरच चालतो आणि आतल्या अभ्यासाकडे, वागणुकीकडे नजर जात नाही, याचे मला वाईट वाटते.

त्याच दशकात एक मुलगी मुलांच्या कॉलेजात जाऊन बसली. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. डेक्कन कॉलेजात ती शिकली, तेव्हा तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेणारे विद्यार्थी तिथे होते. मुंबई विद्यापीठाची ती पहिली पदवीधर स्त्री झाली, आणि तीही पहिल्या वर्गात. तिच्या निकालावर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती स्त्री आहे म्हणून तिला नाकारली गेली. मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवले, आणि हितचिंतकांच्या मदतीने ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली. तिथे १८९२ साली तिने कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. तिची पदवी तिच्या हाती पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी.

कॉर्नेलियाची गोष्ट आपण पहिली पदवीधर म्हणून अभिमानाने सांगतो. मी ती आज वेगळ्या कारणाने सांगते आहे. डेक्कन कॉलेज तिच्यासाठी एकत्र कॉलेज होते का? तिला आत येऊ दिले, एवढेच झाले. वर्ग मुलांचा, नियम मुलांचे, शिष्यवृत्ती मुलांची, त्यात एक मुलगी बसली आणि आपल्या हिमतीवर तरली. ज्या मुलीत तेवढी हिंमत नसेल, तिच्यासाठी त्या कॉलेजात काहीच नव्हते. मुलांच्या शाळेत मुलींना प्रवेश दिला की सहशिक्षण झाले, हा समज आपल्याकडे तेव्हापासून रुजला आणि अजून निघालेला नाही.

आता अण्णासाहेब कर्व्यांकडे येते. त्यांच्याबद्दल बोलताना मला आदर आणि मतभेद दोन्ही मांडायचे आहेत. टिळकांनी फर्ग्युसन सोडल्यावर १८९१ साली तिथे गणित शिकवायला कर्वे आले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला, आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले. टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये, अगदी मोजक्या विद्यार्थिनींवर, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू करण्याचे धाडस केले. कुलपती भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली, आणि आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. पदवीचे नावसुद्धा त्यांनी वेगळे ठेवले होते, ‘गृहीतागमा’.

मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा आग्रह धरणारे हे विद्यापीठ होते. ज्या बाईला दुसरीकडे कुणी दारात उभे केले नसते, तिला इथे शिकता आले आणि शिकवताही आले. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. हिंगण्यात शिकलेल्या विधवा शिक्षिका झाल्या, अधीक्षिका झाल्या, संस्थेचे हिशेब सांभाळू लागल्या. पार्वतीबाई आठवले तर संस्थेसाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. मुलींच्या शाळांनी महाराष्ट्राला पहिल्या मुख्याध्यापिका दिल्या. एकत्र शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोटोंची रांग पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मतभेद आहे तो अभ्यासक्रमाबद्दल. आयुष्याची उमेदीची वर्षे गणित शिकवण्यात घालवलेल्या माणसाने स्त्रियांच्या विद्यापीठात गणित ऐच्छिक केले, आणि गृहव्यवस्था व आरोग्य हे विषय आवश्यक केले. स्त्रीचे कार्यक्षेत्र वेगळे, म्हणून तिचे शिक्षण वेगळे, अशी त्यांची धारणा होती. त्या काळात ती उदार धारणा होती, हे मला ठाऊक आहे. तरीही मी गणिताची शिक्षिका आहे, आणि वेगळ्या शाळेत खरा धोका कुठे असतो ते मला या उदाहरणात दिसते. वेगळी शाळा हळूहळू वेगळा अभ्यास मागू लागते, वेगळा अभ्यास हळूहळू कमी अभ्यास होतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही चूक निस्तरण्याचे श्रेय ज्यांना द्यायचे, त्यांतल्या एक बाई त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ असे शब्द घालायला लावणाऱ्या म्हणून जग त्यांना ओळखते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हे ठरवायला नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. लोकशाही समाजात स्त्री-पुरुष म्हणून अभ्यास वेगळा करण्याचे कारण नाही, असा त्या समितीचा निर्वाळा होता. कोठारी आयोगाने तो उचलून धरला. आज दहावीच्या वर्गात मुलगी आणि मुलगा एकच भूमिती सोडवतात, त्यामागे ही माणसे आहेत. शिवण मुलींना आणि सुतारकाम मुलांना ही वाटणी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या शाळांत चालू राहिली. माझ्या पिढीतल्या मुलींनी रंधा हातात घेतला नाही आणि मुलांनी सुईत दोरा ओवला नाही.

इथवरचा इतिहास प्रामुख्याने शहरांचा आहे. खेड्यात हा वाद फारसा झालाच नाही. दोन इमारती, दोन शिक्षक परवडणार कुणाला? मोठ्या गावांत जिल्हा परिषदेच्या कन्याशाळा होत्या, काही अजून आहेत. बाकी सगळीकडे पहिलीपासून सगळी पोरे एकाच पडवीत बसली. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी भरवली, तिथे मुलगा-मुलगी वेगळी बसवायचा विचारही कुणाच्या मनात आला नसेल. लहान वयात एकत्र असण्यात अडचण नसते. अडचण सुरू होते सातवी-आठवीला, मुलगी मोठी झाली असे घरच्यांना वाटू लागते तेव्हा. आणि गावातली शाळा संपते नेमकी तिथेच.

मी दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवले आहे. आधी शहरातल्या मुलींच्या शाळेत, नंतर तालुक्याच्या गावी मुलामुलींच्या. दुसऱ्या शाळेत गेले तेव्हा मोठ्या उमेदीने गेले होते. तिथे काय पाहिले ते सांगते. ते एका शाळेपुरते नाही, नंतर जिथे जिथे गेले तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसले.

हजेरीपटावर आधी सगळे मुलगे, मग रेघ, मग मुली. वर्गात एका बाजूला मुलांच्या बाकांची रांग, दुसऱ्या बाजूला मुलींची. मुलगा खोड्या करू लागला की सर म्हणणार, ‘मुलींमध्ये नेऊन बसवीन’. वर्ग हसणार, मुलगा लाजेने लाल होणार. विचार करा, मुलीच्या शेजारी बसणे ही तिथली शिक्षा होती. ज्या वर्गात मुलींजवळची जागा ही अपमानाची जागा म्हणून रोज सांगितली जाते, त्या वर्गातल्या मुलींनी हे ऐकून काय शिकायचे? आणि मुलांनी?

मधल्या सुट्टीत मैदान मुलांचे. क्रिकेटचे दोन-तीन डाव एकाच वेळी चाललेले, मुली व्हरांड्याच्या कडेला डबे घेऊन बसलेल्या. खेळाचा तास आला की सर चेंडू मुलांकडे टाकत आणि मुलींना सांगत, तुम्ही सावलीत बसा. मुलींच्या शाळेतल्या माझ्या विद्यार्थिनी लंगडी, खो-खो, कबड्डी भर उन्हात खेळत आणि गुडघे फोडून घेऊन वर्गात येत. तालुक्याच्या शाळेत फुटलेला गुडघा मला क्वचितच दिसला. दोन्हीकडच्या मुली एकाच वयाच्या, सारख्याच घरांतल्या.

पाहुणे आले की मुलींनी ओवाळायचे, रांगोळी काढायची, स्वागतगीत म्हणायचे. मुलांनी खुर्च्या हलवायच्या, मांडव बांधायचा, माइकची व्यवस्था बघायची. विज्ञान प्रदर्शनात यंत्र मुलगा चालवून दाखवणार, तक्ता सुंदर अक्षरात मुलीने लिहिलेला. आणि एखादा मुलगा आणि मुलगी जिन्यात उभे राहून वहीबद्दल बोलत असले, तर शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या नजरा तिथे. मग मुलीच्या घरी निरोप जातो. मुलाच्या घरी जात नाही. त्या निरोपाचा परिणाम काय होतो, हे इथे बसलेल्या शिक्षिकांना मी सांगायची गरज नाही. मुलीची शाळा सुटते. स्थळे पाहायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले, दर पाचांत एकीहून जास्त. ही टक्केवारी आधीच्या फेरीपेक्षा कमी झाली आहे, हे खरे. पण त्या प्रत्येक मुलीच्या मागे एक वर्ग आहे, जिथली तिची जागा एक दिवस रिकामी झाली.

अशा शाळेला मी एका छपराखालच्या दोन शाळा म्हणते. तिथे वेगळ्या शाळेचे तोटे सगळे आहेत, फायदा एकही नाही. मुलामुलींत ओळख नाही, मैत्री नाही, एकत्र काम नाही, आणि मुलींना त्यांचे स्वतःचे मैदानही नाही.

आता अभ्यासकांकडे वळते. कुठल्या शाळेत मुले अधिक शिकतात? वेगळ्या शाळांचे निकाल चांगले दिसतात खरे. पण बहुतेक ठिकाणी अशा शाळा जुन्या, नावाजलेल्या, निवडून प्रवेश देणाऱ्या असतात, आणि तिथे येणारी मुले आधीच अभ्यासाच्या घरातली असतात. तो निकाल घराचा की शाळेचा, हे वेगळे काढता आले पाहिजे. २०१४ मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी २१ देशांतल्या १८४ अभ्यासांची एकत्र छाननी केली, विद्यार्थ्यांची संख्या सोळा लाख. ज्या अभ्यासांनी घरची परिस्थिती आणि प्रवेशातली निवड नीट हिशेबात धरली होती, त्यांत वेगळ्या आणि एकत्र शाळांमधला फरक नगण्य निघाला. मुलींचा मेंदू वेगळा म्हणून त्यांना शिकवण्याची रीत वेगळी हवी, असे सांगणारी पुस्तके मध्यंतरी फार खपली. त्यामागे शास्त्राचा आधार नाही, हे ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या २०११च्या लेखाने स्पष्ट केले आहे.

तरी एक उदाहरण मला थांबवते, आणि ते बाजूला सारणे मला बरे वाटत नाही. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात १९७४ पासून विद्यार्थी कुठल्या हायस्कुलात जाणार हे आपल्या भागातल्या शाळांमध्ये सोडत काढून ठरू लागले. पालकांच्या हाती निवडच राहिली नाही, म्हणून तिथली तुलना जास्त विश्वासाची. आणि तिथे वेगळ्या शाळांतली मुले-मुली, दोघेही, कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत थोडी पुढे असल्याचे आढळले. मी एकत्र शाळेची बाजू घेणारी, तरी हे मान्य करते. म्हणून एकत्र शाळेत गुण वाढतात असे मी कुणाला सांगणार नाही. माझे कारण वेगळे आहे. शाळेतून बाहेर पडल्यावर या मुलामुलींना एकाच कचेरीत, एकाच ग्रामपंचायतीत, एकाच घरात राहायचे आहे. आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या शेजारी जो सदस्य बसतो, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बाईचे मत तिथे ऐकायचे का?

इथे मी मुलांविषयी बोलते, कारण या वादात मुलांविषयी कुणी बोलतच नाही. मुलींच्या शाळा विचार करून काढल्या गेल्या. त्यांच्यामागे रानडे होते, पंडिता रमाबाई होत्या, कर्वे होते. मुलांच्या शाळा विचार करून मुलांच्या ठेवल्या गेल्या असे नाही. तिथे मुली नव्हत्या, एवढेच. आणि त्या शाळांत मुलांचे काय होते, हे आपण कधी तपासले? जिथे रडणारा मुलगा चेष्टेचा विषय, गाणारा किंवा नाचणारा मुलगा चेष्टेचा विषय, जिथे बाईविषयी बोलायची भाषा मैदानाच्या कोपऱ्यात मोठ्या मुलांकडून शिकायची, तिथून तो काय घेऊन बाहेर पडतो? सहशिक्षणाची जास्त गरज मला मुलींपेक्षा मुलांना वाटते. पण मुलांना सुधारण्याचे काम मुलींवर सोपवायचे, हेही मला पटत नाही. मुली वर्गात आल्या की मुले आपोआप सभ्य होतील, असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, मुली तिथे शिकायला आल्या आहेत की मुलांना वळण लावायला? ते काम शिक्षकांचे आहे.

आणि ते करता येते. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत, सहावी-सातवीच्या वर्गांत, कोरो ही स्वयंसेवी संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांविषयी संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून एक उपक्रम राबवला. घरकाम कुणी करायचे, मारहाण म्हणजे काय, शरीर बदलते म्हणजे काय होते, यांवर मुलामुलींशी तासिकांत बोलणे, खेळ घेणे, नाटुकली करणे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांमध्ये याच धर्तीचा, अडीच वर्षांचा कार्यक्रम झाला आणि त्याची काटेकोर पाहणी झाली. मुलामुलींची मते बदलली, आणि मुलगे घरकामाला हात लावू लागले. हरियाणासारख्या राज्यात, जिथे मुलींची संख्याच कमी पडते, तिथे वर्गातल्या तासांनी हे घडले. आपल्या वेळापत्रकात अशा तासाला जागा करायची तर फार काही लागत नाही. मुख्याध्यापकांची इच्छा लागते, आणि शिक्षकाला तो तास घेण्याची तयारी.

सुरक्षिततेचा मुद्दा काढल्याशिवाय पालकांशी बोलताच येत नाही, आणि तो त्यांनी काढावाच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रातल्या आयांच्या पोटात गोळा आला. त्या प्रकरणात आरोप होता तो शाळेतल्या एका प्रौढ कर्मचाऱ्यावर. वर्गातल्या मुलांना बाजूला काढून असला धोका टळत नाही. तो टळतो नेमणुकीच्या वेळी चौकशी केल्याने, स्वच्छतागृहाकडे बाईमाणूस नेमल्याने, मुलीने तक्रार केली तर ती दाबण्याऐवजी त्याच दिवशी पोलिसांत दिल्याने. अशा तक्रारींकडे आणि सुरक्षिततेकडे पाहण्यासाठीची सखी सावित्री समिती कागदावर प्रत्येक शाळेत आहे. तिची शेवटची सभा कधी झाली, हे आपल्या मुलीच्या शाळेत जाऊन विचारा.

केरळात २०२२ मध्ये राज्याच्या बालहक्क आयोगाने पुढच्या वर्षापासून सगळ्या शाळा एकत्र करा, असा आदेश दिला. तिथे २८० शाळा फक्त मुलींच्या आणि १६४ फक्त मुलांच्या होत्या. आदेशामागची तळमळ मला समजते. पण शाळेचा स्वभाव आदेशाने एका जूनमध्ये बदलत नाही. आयोगाने आदेशात स्वच्छतागृहे आणि पालकांचे प्रबोधन यांचा उल्लेख केला, ते योग्यच होते. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी तयारी, मग एकत्रीकरण. आणि सुरुवात मुलांच्या शाळांपासून करावी. मुलांची शाळा मुलींना खुली केली, तर कुणाचे काही जात नाही. मुलींची शाळा बंद केली, तर तिथल्या काही मुली पुढच्या शाळेपर्यंत पोचतच नाहीत. ज्या घरात ‘कन्याशाळा आहे म्हणून पाठवतो’ असे बाप म्हणतो, त्या घराशी माझा वाद आहे, पण तो वाद जिंकेपर्यंत त्या मुलीचे दहावीचे वर्ष निघून जाईल.

अंतराचेही तसेच. गावोगावच्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत एसटी पासवर शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसने १२५ तालुक्यांत त्यांची सोय झाली. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि मुलींचे हायस्कुलातले प्रवेश भरभक्कम वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. शाळा वेगळी आहे की एकत्र, यापेक्षा ती किती लांब आहे आणि संध्याकाळची गाडी वेळेवर येते का, याने कितीतरी मुलींचे शिक्षण ठरते. दोन शाळांची एक करताना हे अंतर कुणी मोजते का? ठरावाच्या कागदावर पटसंख्या असते, तुकड्या असतात, अतिरिक्त शिक्षकांची यादी असते. मुलीच्या घरापासून नव्या शाळेपर्यंतची वाट त्यात नसते.

आपल्या मुख्याध्यापिकाबाईंची भूमिका विसंगत नव्हती, असे मी म्हणाले ते यासाठी. मुलींची शाळा त्यांनी प्राणपणाने चालवली, कारण त्या वेळी मुलींना तीच मिळत होती. एकत्र शाळेची मागणी केली, कारण ती मुलींचा आणि मुलांचा हक्क आहे असे त्यांना वाटले. दोन्ही वेळी त्या मुलींच्याच बाजूने उभ्या होत्या.

इथे संस्थांचे विश्वस्त बसले आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांवरचे पालक आहेत, जिल्हा परिषदेत काम केलेली मंडळी आहेत. तुमच्यापुढे कन्याशाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा ठराव आला, तर एक करा. सही करण्याआधी त्या शेजारच्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन उभे राहा. मैदानावर मुली खेळताहेत का ते बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि नळाला पाणी आहे का ते बघा. हजेरीपट उघडून नावे एकत्र, अकारविल्हे लावली आहेत का ते पाहा. शिक्षिका किती आहेत, आणि गणित-विज्ञान त्यांच्यापैकी कुणी शिकवते का, हे विचारा. शेवटची बस कधी सुटते तेही विचारा. हे सगळे ठीक असेल, तर आनंदाने सही करा, मी तुमच्याबरोबर आहे. नसेल, तर आधी ती शाळा दुरुस्त करा, आणि तोवर त्या ठरावावर सही करू नका.